भुरी आणि वडावरचे पोपट

वडाला पहिल्या पारंब्या फुटल्या, तेव्हाची गोष्ट. भुरी वानरीची म्हातारी आई एकेक गोष्ट विसरू लागली. भुरीने वडावरच्या पोपटांना उपाय विचारला.

"डोंगरापलीकडचा पाला दे!"

"छे, नदीकाठची मुळी!"

सगळेच छातीठोकपणे सांगत होते. आई म्हणाली, "पोरी, जवळ बैस. तू बोलत राहिलीस की मला आठवतं."

पण भुरी रोज पाल्यामुळ्यांसाठी रानोमाळ धावली. गुण काही येईना.

अखेर तिने विचारले, "अरे, हे खाऊन कुणाला बरं वाटलं?"

"आम्हाला काय ठाऊक, भुरीताई? शेजारी बोलला, आम्ही बोललो."

भुरी तशीच परतली आणि आईला बिलगली. म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"कुणाची गं तू? लवकर जा बाई, तुझी आई वाट बघत असेल."