खाली आणलेल्या आसरा

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाखालून एक ओढा वाहायचा. डोंगराच्या साऱ्या घळींचे पाणी त्यालाच येऊन मिळायचे. पण वर दाट रान होते, त्यामुळे ते झिरपत, थांबत, उशिरा यायचे. उन्हाळ्यात तर ओढ्यात शेळी उभी राहिली तरी तिचे खूर भिजायचे नाहीत.

गावात आसरांचे ठाणे होते. आसरा म्हणजे पाण्याच्या देवी, शेंदूर लावलेले सात दगड. पण ते ओढ्याकाठी नव्हते. ते पार वर, टेकाडाच्या अर्ध्यावर होते. नव्या सुना हसायच्या. म्हणायच्या, "पाण्याच्या देवी अन् पाण्यापासून एवढ्या लांब? माहेरी भांडण झालं असेल." म्हाताऱ्या त्यांना गप्प करायच्या, पण कारण म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांना फक्त नेम ठाऊक होता. आसरांच्या खाली घर बांधायचे नाही. त्यामुळे खाली गुरे चरायची, वांगी-मिरची व्हायची, पण घर एकही नव्हते.

मग घाटातून रस्ता झाला. गाडीवाले आले, सुतार आले, व्यापारी आले आणि गावातच राहिले. त्यांच्या घरांच्या वाशांसाठी रान तुटले. तुटलेल्या रानाच्या जागी आणखी घरे झाली. टेकाडावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

त्या गावात एक कुंभारीण म्हातारी होती. तिला एकच मुलगा. घरात सून आणि रांगती नात. एवढ्याशा खोलीत चाक, माती, मडकी आणि चार माणसे. एक दिवस मुलगा म्हणाला, "आई, आम्ही दुसऱ्या गावी जातो. इथं वर नुसता कातळ. मडकी वाळवायची कुठं, माझ्या डोक्यावर?"

"अन् मी?"

"तूही चल."

"या वयात मी गाव सोडू?"

"मग खाली ओढ्याकाठी जागा मिळवून दे. तिथं माती आहे, मोकळं अंगण आहे. देतेस?"

म्हातारी चुलीकडे वळली. रात्रभर मात्र तिला मुलाचे बांधलेले बोचके दिसत राहिले.

खालच्या जागेवर साऱ्या गावाचाच डोळा होता. पण देवींच्या भीतीने तसे म्हणायला कोणी धजत नव्हते. शेवटी पाटलाने म्हातारीला पारावर बोलावले.

"म्हातारे, ओढ्याचं पाणी घेऊन देवींची ओटी भरायला वर चढतेस, तेव्हा गुडघे दुखतात ना?"

"दुखतात की."

"मग देवीच खाली आल्या तर?"

"देवी कशाला येतील?"

"वाजतगाजत येतील. तू फक्त चारचौघांत म्हण, मला चढवत नाही. तुझ्यासारख्या जुन्या बाईचा शब्द कोण मोडणार?"

शेजारी बसलेला व्यापारी हसला. "गुडघे तुझे अन् पुण्य गावाचं. वर तुझ्या पोराला पाण्याजवळची जागा."

म्हातारीचे गुडघे खरेच दुखत होते. पण ते दुखणे घेऊन ती आजवर चढली होती, कधी चकार शब्द काढला नव्हता. तिने एकदा देवींच्या ठाण्याकडे पाहिले, एकदा मुलाकडे.

"मला चढवत नाही," ती म्हणाली.

मग ढोल वाजले, नारळ फुटले. सात दगड उचलून अगदी ओढ्याच्या काठावर बसवले. वर टेकाडावर सात खळगे उरले. आणि खाली भराभर घरे उठू लागली. नेम कोणी मोडला नाही. सारी घरे आसरांच्या वरच होती. कुंभाराचे घर सर्वांत पुढे, देवींच्या शेजारी. म्हातारी मात्र जुन्या खोलीतच राहिली. दारात बसले की तिला खालच्या अंगणात खेळणारी नात दिसायची, तेवढ्याने तिचे पोट भरायचे.

काही पावसाळे बरे गेले.

एका श्रावणात, दुपारी, गावात ऊन पडले होते. डोंगरावर मात्र काळेभोर झाले. तिथे पाणी अडवायला आता रान नव्हते. साऱ्या घळी एकदमच रिकाम्या झाल्या. खाली कुंभाराने घरघर ऐकली. त्याला वाटले, सर येते आहे. तो अंगणातली कच्ची मडकी आत नेऊ लागला. सूनही त्याला मदत करू लागली.

म्हातारीला दारातून ओढ्याचे वरचे वळण दिसत होते. ती ओरडली, "अरे, मडकी राहू दे. पोरीला घे अन् वर ये."

मुलाने हात वर केला. "आलोच, आई. एवढी ओळ झाली की आलोच."

ओढा आला. पाणी घरांवरून चढत टेकाडाच्या अर्ध्यावर पोहोचले. तिथले सात खळगे त्याने भरले आणि ते थांबले. त्याच्या वर बोटभरही गेले नाही.

तेव्हा साऱ्या गावाला कळले, देवी पाण्यापासून एवढ्या लांब का होत्या.

पाणी उतरल्यावर खाली गाळाशिवाय काही नव्हते. घरे नव्हती, अंगणे नव्हती, देवीही नव्हत्या. जे वाचले त्यांनी नवे सात दगड शोधले आणि जुन्या खळग्यांत बसवले. म्हातारी रोज ओढ्याचे पाणी घेऊन तिथे चढून जाऊ लागली. देवी वर का आहेत, ते भेटेल त्याला ती सांगायची. लोक ऐकून घ्यायचे आणि पुढे गेल्यावर म्हणायचे, "लेकरं गेली, म्हणून बोलते बिचारी."

वर्षे गेली. गाळावर हिरवे गवत आले. गावात पुन्हा जागा अपुरी पडू लागली. एकदा एका नव्या सुनेने म्हातारीला ओढ्यावरून हात धरून देवींपर्यंत वर चढवले.

"आजी, किती त्रास होतो हो तुम्हाला. देवी खाली आणायला सांगू का पाटलांना?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिले. मुलगी मनाने चांगली होती. तिच्या कडेवर तान्हे मूल होते.

"नको गं बाई," म्हातारी म्हणाली. "मला चढवतं."

ती होती तोवर देवी वर राहिल्या. ती गेल्यावर कुणाचे तरी गुडघे दुखलेच.

तात्पर्य: हद्दीचा दगड माणसाला हलवता येतो, पाण्याची हद्द हलवता येत नाही, म्हणून मुलांना नुसता नमस्कार शिकवू नये, दगड तिथे का आहे तेही सांगावे.