वाळूवरची साय

फार वर्षांमागे नदीकाठच्या एका पाणपोईत दोन मडकी एकावर एक ठेवलेली होती. वरच्या मडक्यात वाळू होती. नदीचं गढूळ पाणी तिच्यातून पाझरून थेंब थेंब खालच्या माठात उतरायचं. पाणपोई सांभाळणाऱ्या रेवूबाईची नात चिमी रोज खुंटीवरचा आपला छोटा पेला काढून पहिलं पाणी प्यायची.

काही दिवसांनी वाळूवर हिरवट, बुळबुळीत साय धरली. पाणी आणखीच हळू उतरू लागलं.

"उन्हातून आलेली माणसं ताटकळतात," माठ कुरकुरला. "आणि तुझा अवतार बघ जरा."

वाळू ओशाळली. साय म्हणाली, "ताई, तू गाळ अडवतेस. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं जे असतं, ते मी खाते. मला राहू दे."

"दिसत नाही, तर ते आहे कशावरून?" असं म्हणून वाळूने पाणी ओतणाऱ्या तांब्याला गळ घातली. त्याने उंचावरून जोरात धार सोडली. साय फाटली आणि कडेवरून वाहून गेली. माठ भराभर भरला. पाणी अगदी नितळ दिसत होतं.

आठवड्याभरात गावात जुलाब-वांत्यांची साथ आली.

महिन्याने वाळूवर पुन्हा साय धरली. या वेळी वाळूनेच तांब्याला बजावलं, "कडेकडेने, हळू ओत."

नव्या सायीने खुंटीकडे पाहिलं. "ताई, तो छोटा पेला कोणी काढत कसं नाही?"

पाणी थेंब थेंब उतरत राहिलं.