चंडकेतूची टोपलीनाव

पर्वतांचे पंख नुकतेच छाटले गेले होते आणि देवांना पृथ्वीवर डोकावण्याइतकी सवड होती, त्या कृतयुगात वेत्रगंगेच्या तीरी चंडकेतू नामक राजा राज्य करीत असे. त्याचा पराक्रम मोठा, कीर्ती त्याहून मोठी, आणि नाक या दोहोंहून मोठे. द्यूतात मंत्री त्याच्यापुढे आपणहून हरत. मृगयेत त्याचा बाण झाडात रुतला, तरी हरिण पलीकडे आधीच मरून पडलेले सापडे. आणि हा बाबा ते सगळे खरे मानी!

तालजिह्व दैत्य चालून येणार अशी वार्ता आली, तेव्हा मात्र राजाला घाम फुटला. तो कुंडधार ऋषींच्या मयूरनादित आश्रमात जाऊन पाया पडला.

ऋषी म्हणाले, "राजा, तुझ्या गर्वाचा दर्प होमधूमातूनही येतो आहे. टोपलीनाव हाकायला शीक. ज्या दिवशी नदीत तुझी खरीखुरी फजिती होईल, त्या दिवशी सूर्यास्तापर्यंत तू रणात अजिंक्य राहशील. फजितीविना शस्त्र उपसलेस, तर त्याची गवतकाडी होईल."

"आणि ती विद्या साधली तर, भगवन्?"

"दुसरी शिकायला घे. विद्या पुष्कळ आहेत, नाक एकच आहे."

टोपलीनाव म्हणजे वेताने विणलेली, चामड्याने मढवलेली वाटोळी टोपली. वल्हे बाजूला मारले की ती जागच्या जागी गरगरते. कर्दमी नावाची धीवरीण राजाची गुरू झाली. ती काठावरून ओरडे, "म्हाराज, वल्हं पुढं मारा, पुढं! दळण दळताय व्हय?"

राजा रोज प्रातःकाळी गरगरे, उलटे, गटांगळ्या खाई. आणि नाकातले पाणी शिंकरीत राजसभेत बसला की, आश्चर्य असे, दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐके. त्या वर्षात त्याने तालजिह्वाला तीनदा पिटाळले.

प्रधान स्तुतिधराला हे सोसवेना. जगज्जेत्याने बुडावे आणि धीवरिणीने दात काढावेत! चौथ्यांदा दैत्य नगरद्वारी आला त्या सकाळी प्रधानाने चार पाणबुडे गुपचूप नावेखाली सोडले. नाव बाणासारखी सरळ निघाली. चंडकेतूचा ऊर भरून आला. इतक्यात नावेच्या कडेला एक ओली शेंडी तरंगताना त्याला दिसली. चांगली स्पष्ट दिसली. राजाने तत्काळ दृष्टी आकाशाकडे वळवली.

"म्हाराज, खाली माणसं हायती!" कर्दमी कळवळून म्हणाली. "एक गटांगळी खावा, मग जावा लढाईला. राज्य जाईल तुमचं!"

"मूढे! साक्षात वेत्रगंगा आम्हांस शरण आली, हे तुला पाहवत नाही!"

स्तुतिधराने तिथल्या तिथे 'सरिद्विजेता' हे बिरुद अर्पण केले, आणि सरिद्विजेता कोरड्या वस्त्रांनिशी रणांगणी गेला.

शंख निनादले, मेघांसारखे गज धावले, धुळीने सूर्य झाकोळला. राजाने गर्जना करून खड्ग उपसले, तो हातात गवतकाडी! तालजिह्व इतका हसला की मारायचे विसरला. त्याने ती काडी घेतली, निवांत दात कोरले आणि सिंहासनावर जाऊन बसला. स्तुतिधर तिथे नवे बिरुद घेऊन उभाच होता.

धावत सुटलेल्या राजाला नदीकाठी ऋषी भेटले.

"भगवन्, मला फसवले हो!"

"फसवले? शेंडी कोणी पाहिली?"

राजाने पुन्हा दृष्टी आकाशाकडे वळवली.

"नीचा," ऋषी कडाडले, "फजितीसारखे अमृत तुला रोज फुकट मिळत होते, ते तू एका बिरुदासाठी ओतून दिलेस! पाण्यावरचा किडा होऊन गरगरत राहा. डोळे चार घे: दोन वरचे पाहतील, दोन पाण्याखालचे."

आजही संथ डोहात मसुराएवढा काळा, तुकतुकीत किडा वेड्यासारखा गरगरताना दिसतो. आकाश आणि तळ, दोन्ही त्याला एकदमच पाहावे लागतात. खालचे डोळे मिटण्यापुरती एखादी पापणी तो देवांकडे युगानुयुगे मागतो आहे. देवांनी ती अजून दिलेली नाही.