बेटाला होडी कशी मिळाली

पूर्वी माहिष्मती नगरीत राजा सुषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्व नर्मदेतल्या एका बेटावर बुरुडाच्या घरी जन्माला आले. बेटावर चाळीस घरे होती, होडी मात्र एकच, गोधिक नावाड्याची. वैद्य, सुईण, बाजार, सारे पैलतीरावर.

एका श्रावणात बोधिसत्त्वांची पत्नी बाळंतपणात अडली. ते धावत गोधिकाच्या दारी गेले. गोधिकाने फुगलेल्या नदीकडे पाहिले. त्याची होडी नवी होती. "पाणी ओसरू दे, मग बघू," म्हणून त्याने दार लावून घेतले. पाणी तिसऱ्या दिवशी ओसरले. तोवर आई आणि बाळ दोघेही गेले होते.

गोधिकाला वाटले, हा आता चार माणसांत आपल्याला बोल लावील. तो त्या बोलाची वाटच पाहत राहिला. बोधिसत्त्वांनी मात्र सागाचा एक ओंडका आणला आणि वर्षभर कोरून होडी केली. मग घरोघरी सांगितले, "पलीकडे जायचे असले की मला हाक मारा. वेळ पाहू नका." गोधिक भेटला की ते त्याचीही विचारपूस करीत. तेच गोधिकाला सोसवेना. तो दुसऱ्या वाटेने जाऊ लागला.

दोन वर्षांनी पुरात गोधिकाची होडी वाहून गेली. त्याच आठवड्यात, माहेरी आलेली त्याची लेक कपिला अडली. तो घरातून निघाला खरा, पण बुरुडाच्या अंगणाकडे पाय वळेनात. नदीकाठी जाऊन तो नुसताच बसून राहिला.

बातमी ऐकून बोधिसत्त्व वल्हे घेऊन तिथे आले.

"ऊठ. या ओढीत एकट्याने जमायचे नाही. मी वल्हवतो, तू सुकाणू धर."

"कुठल्या तोंडाने बसू तुझ्या होडीत?" गोधिक म्हणाला.

"आधी बस तर खरा. हे पाणी तुला जास्त कळते."

भर प्रवाहात उन्मळलेले एक झाड अंगावर आले. गोधिकाने होडी अशी वळवली की फांद्या नुसत्या घासून गेल्या. दोघांनी सुईणीला आणले. दिवेलागणीला गोधिकाच्या घरातून बाळाचे रडणे ऐकू आले; कपिलाही सुखरूप होती.

"तू आला नसतास तरी तुला कुणी काही म्हटले नसते," गोधिक अंगणात म्हणाला.

"सुईण आली नाही की घरात काय होते, ते मी पाहिले आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "ते तुझ्या घरी कसे होऊ देऊ?"

पुढे दोघांनी मिळून दुसरी होडी बांधली. ती पैलतीरावर राहू लागली. कितीतरी पिढ्या दोन्ही काठांवर एकेक होडी असे, आणि हाक आली की आधी होडी सुटे, नावगाव मागाहून विचारले जाई.

जेतवन विहारात दोन भिक्षूंनी एकमेकांशी बोलणे टाकले होते. त्यांना जवळ बसवून भगवान शास्त्यांनी ही हकीकत सांगितली आणि ते म्हणाले, "त्या वेळचा गोधिक म्हणजे तुमच्यातला हा तिष्य. कपिला म्हणजे विहाराला पाणी पुरवणारी उपासिका सोमा. आणि तो बुरूड मी होतो. भिक्षूंनो, क्षांती, म्हणजे क्षमा, म्हणतात ती हीच."