खोतांचा दर्या

आमच्या किनाऱ्यावर दामू खोतांची माडांची वाडी थेट पाण्याला भिडलेली. एकदा त्यांनी फर्मान सोडलं, "वाडीसमोरचा दर्या माझा. तिथे जाळं टाकाल, तर निम्मी मासळी माझ्या घरी आली पाहिजे."

कोळीवाडा हवालदिल झाला. चांगुणा कोळीण मात्र गालात हसली. तिच्या शेळीने वाडीत शिरून चार पानं खाल्ली, म्हणून खोतांनी आठवड्यापूर्वीच त्या शेळीला कोंडवाडा दाखवला होता.

चांगुणाने भर किनाऱ्यावर खोतांना गाठलं.

"खोतसाहेब, दर्या तुमचाच, हे नक्की?"

"नक्की! किती वेळा सांगू?"

"बरं झालं, मालक सापडला. अमावास्येच्या उधाणाला तुमचा दर्या माझ्या अंगणात शिरला आणि वाळत घातलेले बोंबील घेऊन पळाला. कोंडवाड्यातून सोडवली त्याच दिवशी शेळीला मी दाव्याने बांधलं. तुम्ही दर्याला कधी बांधताय?"

सगळा किनारा हसला. खोत पुटपुटले, "ठेवा तुमची मासळी तुम्हालाच!"

ते वळले, तेवढ्यात एका लाटेने वाळूवर काढून ठेवलेल्या त्यांच्या नव्या वहाणा ओढून नेल्या.

चांगुणा हळहळली, "बघा मेल्याला! मालकाचीसुद्धा ओळख नाही!"