लाखीनं पाय दिला

घाटात रस्ता नव्हता आणि कोकणातलं मीठ घोड्यांच्या पाठीवरून वर येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या करंजखिंडीत मदारचाचा नावाचे नालबंद राहत. घोड्यांचे खूर तासायचे आणि त्यांना नाल ठोकायचे, हे त्यांचं काम. इतर नालबंद घोड्याचा पाय दोरीनं बांधत. चाचांनी जन्मात दोरी वापरली नाही. ते समोर बसत आणि घोडा आपणहून पाय देई, असं म्हणतात.

त्याच गावात ठकूआई होती. तिचा मुलगा सयाजी लढाईवर गेला. त्याची घोडी लाखी तेव्हा फार कोवळी होती, म्हणून तिला दारात बांधून तो म्हणाला, "आई, मी येईस्तोवर हिला कुणाला हात लावू देऊ नकोस."

सयाजी आला नाही. ठकूआईनं मात्र शब्द धरून ठेवला. चारापाणी ती स्वतः करी आणि नालबंदाला अंगणातूनच परत पाठवी. दाव्याला उभं राहून राहून लाखीचे खूर वाढत गेले, जोड्याच्या टोकांसारखे वर वळले. मग तिचे गुडघे थरथरू लागले.

"ठकूआई, तासू दे गं," चाचा म्हणाले. "एकदा पडली तर उठायची नाही."

"आणि सयाजीला काय सांगू? तुझ्या आईनं शब्द मोडला म्हणून?"

चाचांनी वाद घातला नाही. अंगणातल्या सपाट दगडावर ते लाखीसमोर बसले आणि मांडीवर चामड्याचं फडकं पसरलं. "मी हात लावत नाही," ते म्हणाले. "तिला वाटलं तर तीच लावेल."

ते रोज येऊन तसेच बसत. येणारेजाणारे हसत. "काय चाचा, अंडी उबवताय?"

"हो तर. पिल्लू घोड्याएवढं आहे बाबा, वेळ लागायचाच."

एका दुपारी लाखीनं त्यांची टोपी हुंगली. मग हळूच आपला वाकडा पाय उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. चाचा हलले नाहीत. त्यांनी फक्त उंबऱ्याकडे पाहिलं. तिथं ठकूआई तोंडाला पदर लावून रडत होती.

"तिनंच लावला," ती म्हणाली. "घ्या आता. पण जपून. माझ्या सयाजीची आहे."

लोक म्हणाले, एकदाच कापून मोकळे व्हा. चाचा ऐकेनात. खूर आपल्या नखासारखा असतो, बाहेरून मेलेला आणि आत जिवंत. घाई केली की रक्त येतं. म्हणून ते थोडं तासत, काही दिवस थांबत, पुन्हा थोडं तासत. आणि दर वेळी पुटपुटत, "थोडंच, माय, थोडंच."

शेवटी नाल ठोकले. सयाजी गेल्यापासून ठकूआई अंगणाबाहेर पडली नव्हती. त्या दिवशी ती लाखीचा लगाम धरून गावाबाहेरच्या खिंडीपर्यंत गेली, जिथून तो दिसेनासा झाला होता तिथपर्यंत. खडकावर नाल वाजले, ठिणग्या उडाल्या आणि त्या ठिणग्यांचीच घाटात फुलणारी पिवळी सोनकी झाली, असं म्हणतात.

चाचा गेले तेव्हा घाटातली सगळी घोडी जागच्या जागी थांबली आणि प्रत्येकानं एक पाय उचलून धरला, असंही म्हणतात.

आता घाटात घोडी नाहीत. ठकूआईच्या अंगणातला तो सपाट दगड मात्र आहे. आमच्याकडे बाळाची पहिली नखं त्याच दगडावर बसून काढतात. बाळाची मूठ ओढून उघडायची नाही. आई नुसता तळहात पुढे करते आणि बाळ आपणहून हात देईपर्यंत सगळं घर गप्प उभं राहतं. मग ती वाकून म्हणते, "थोडंच, माय, थोडंच."