कप्पा नसलेल्या पेशी

"या पेशी मेल्या, हे कशावरून लिहिलंस?"

डॉ. वैजयंती आपटेकर मॅडमचं पेन प्रबंधाच्या सहीच्या पानावर अडलं होतं.

समोर पराग हिंगमिरे. पाच वर्षं त्यांच्याच प्रयोगशाळेत घासलेला. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कधी न विसरणारा. प्रबंध द्यायची मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत होती. आत्ता दोन वाजले होते. मी, त्याचा ज्युनिअर, शेजारच्या टेबलाशी मान खाली घालून बसलो होतो.

"मॅडम, बी-पेशी अँटिबॉडीची आधी जड साखळी जुळवते, मग हलकी. हलकी म्हणजे कप्पा. माझ्या उंदरांत कप्पा जुळतच नाही. मग अँटिबॉडी नाही, पेशी खलास. पोरंसोरंही सांगतील."

"कप्पा नाही, एवढं तू पाहिलंस. मरताना पाहिलंस?"

पराग प्रबंधाची पानं चाळू लागला.

"हलक्या साखळीचा दुसरा प्रकारही असतो. लॅम्डा तपासलास?"

पराग हसला. त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

"उंदरात लॅम्डाच्या पेशी शंभरात जेमतेम पाच, मॅडम. त्या कोण तपासतं?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"नायट्रोजनच्या टाकीत तुझ्या उंदरांच्या गोठवलेल्या पेशींची एक नळी उरलीय. आण."

पेशी वितळवल्या, कप्पा आणि लॅम्डा वेगवेगळे दाखवणारे रंग घातले, बर्फात ठेवल्या. पराग सारखा घड्याळ बघत होता. चारला पेशी मोजणारं मशीन सुरू झालं.

पडद्यावर कप्पाची बाजू रिकामी.

"बघा," पराग म्हणाला.

तेवढ्यात लॅम्डाच्या बाजूला एक ठिपका, म्हणजे एक पेशी, उमटला. मग दहा. मग नुसती गर्दी.

जिवंत होत्या सगळ्या. कप्पा फसल्यावर त्यांनी जड साखळी होती तशीच ठेवली होती आणि तिला लॅम्डा जोडला होता.

परागचा चेहरा पांढराफटक पडला. टेबलावरचा प्रबंध उचलून तो तडक कचऱ्याच्या डब्याकडे गेला.

मॅडमनी डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"सोडा, मॅडम…" त्याला रडू आवरत नव्हतं. "पाच वर्षं वाया. आता सगळं पहिल्यापासूनच करायचं ना?"

मॅडम पडद्यावरच्या पेशींकडे बघत होत्या.

"यांनी केलं का पहिल्यापासून?"